जुना लुडविग स्नेअर घ्यावा का, आणि घेतलाच तर त्याचं किती काम करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळ राहता, शाळेच्या बँडमधून निघालेला सत्तरच्या दशकातला लुडविग कंपनीचा ॲक्रोलाइट स्नेअर (खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम) स्वस्तात मिळतोय, दुसरीकडे त्याच कंपनीचा एक चकचकीत सुप्राफोनिक आहे पण महाग. कोणता घ्यावा, ‘रिस्टोअर’ किती करावा, आणि पुढेमागे पुण्याला नेला तर टिकेल का?

ॲक्रोलाइट डोळे झाकून घ्या. फक्त त्याआधी शेल, म्हणजे ड्रमचं धातूचं अंग, गोल आहे का, हे डोळे उघडे ठेवून बघा. बाकी बिघडलेलं जवळजवळ सगळं बदलून मिळतं, शेल मिळत नाही.

हे दोन्ही ड्रम एकाच घरचे आहेत. शिकागोच्या डेमन ॲव्हेन्यूवर लुडविगचा कारखाना होता, तिथेच दोन्ही बनायचे. १४ इंच व्यास, ५ इंच उंची, ॲल्युमिनियमचं बिनजोड शेल, मधोमध उठावाची पट्टी. सुप्राफोनिकला वरून क्रोम आणि दहा लग, म्हणजे ताणायचे रॉड ज्यात आवळतात ते शेलवरचे ठोकळे. ॲक्रोलाइटला नुसतं राखाडी ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरच तयार केलेला ऑक्साइडचा थर) आणि आठ लग. ॲक्रोलाइट विद्यार्थ्यांसाठी होता, स्टँड आणि पेटीसकट विकला जायचा. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवायला बसले आणि त्यांचा ड्रमर रिंगो याच्या बास ड्रमवरचं लुडविग हे नाव अख्ख्या अमेरिकेने वाचलं. मग मागणी पुरवता पुरवता कारखान्याची पुरेवाट झाली. त्यामुळे त्या काळातले लुडविग ड्रम आजही भरपूर सापडतात. जाहिरातीत ‘अतिदुर्मिळ’ लिहिलेलं दिसलं तर तिकडे दुर्लक्ष करा.

आता सुप्राफोनिकविषयी. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. घाम, दमट हवा आणि वर्षं यांनी तो आतून फुगतो, बारीक खड्डे पडतात, मग पापुद्रे निघतात आणि त्यांची धार हाताला लागते. हे थांबवता येत नाही. नव्याने क्रोम करायचा तर जुना पूर्ण उतरवावा लागतो, त्याला पैसा लागतो आणि संग्राहक अशा ड्रमला उलट कमी भाव देतात. वाजवायला मात्र खड्डे पडलेला सुप्राफोनिकही तितकाच चांगला असतो. लेड झेपलिनच्या जॉन बोनमने त्याचाच साडेसहा इंची भाऊ वाजवला, म्हणून त्या नावाला वजन आहे आणि किंमतही. ॲक्रोलाइटवर क्रोमच नाही, त्यामुळे सोलवटायला काही नाही. दोन लग कमी असल्याने तो मला थोडा मोकळाही वाटतो, पण ती माझी आवड झाली.

कुणी सुप्राफोनिक ‘पितळी शेलचा’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर जरा थांबा. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे काही खरोखर पितळेवर क्रोम केलेले होते. पण लोहचुंबकाने हे कळत नाही, तो पितळेलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. उचलून बघा. पितळ जवळपास तिप्पट जड असतं, हाताला लगेच समजतं. बॅजवरच्या अनुक्रमांकावरून नेमकं साल काढायच्याही भानगडीत पडू नका. बॅज क्रमाने लावले जात नव्हते. कमानीच्या मधल्या पाचरीच्या दगडाच्या आकाराचा (‘कीस्टोन’) बॅज साधारण साठच्या दशकातला, निळा-ऑलिव्ह त्यानंतरचा, आणि मन्रोचं नाव असेल तर १९८४ नंतरचा, कारण तेव्हा कारखाना नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो गावी गेला. एवढं पुरे.

बघायला जाताना ड्रमची चावी, टॉर्च, मोजपट्टी आणि १४ इंची नवं कोरं पान बरोबर घ्या. (आपल्या ढोल-ताशावाल्यांसारखं मी ड्रमहेडला, म्हणजे शेलवर ताणतात त्या पडद्याला, पानच म्हणतो.) विकणाऱ्याला विचारून वरचं पान उतरवा. व्यास तीन-चार दिशांनी मोजा, आकडे जुळले पाहिजेत. नवं पान शेलवर ठेवून बोटाने फिरवा. जोर न लावता फिरलं तर शेल गोल आहे, कुठे अडलं तर तिथे तो कधीतरी आपटलेला आहे. मग शेल ओट्याच्या ग्रॅनाइटवर उपडं ठेवून आत टॉर्च लावा आणि कडेखालून प्रकाश येतो का बघा. वरच्या कडेखालून यायला नको. खालच्या कडेला मात्र समोरासमोर दोन ठिकाणी येईलच. तारांना पानावर सपाट बसता यावं म्हणून तिथे कड मुद्दाम किंचित दाबलेली असते. ते नुकसान समजून भाव पाडू नका, आणि घरी आणून ती सरळ तर मुळीच करू नका.

लगला चीर आहे का, रॉड हाताने शेवटपर्यंत फिरतात का, हेही पाहा. रॉड गंजलेले असले तर चिंता नाही. आटे १२-२४ मापाचे असतात आणि ते सर्रास मिळतात. तारा सोडायचा-लावायचा खटका, म्हणजे पी-८५, ढिला असेल तर त्यासाठी सौदा मोडू नका. तो नवा असतानाही फार गुणाचा नव्हता, आणि अजून बनतो.

घरी आणल्यावर सुटं करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. शेल कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण एवढ्यानेच धुवा. पितळ चमकवायचं पॉलिश, घासणी, ओव्हन साफ करायचे क्षारयुक्त फवारे यातलं काही नको, ॲनोडायझिंग त्याने खाल्लं जातं आणि परत येत नाही. राखाडी रंग तसाच राहू द्या, त्याला आरशासारखं करायचं नसतं. पान दाबून धरणारी कडी लोखंडी आणि क्रोमची असतात. त्यांच्यावरचा गंज स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. हीच युक्ती सुप्राफोनिकच्या खड्ड्यांवर चालत नाही, तिथे क्रोमच उरलेला नसतो. रॉड रात्रभर रॉकेलमध्ये टाका, सकाळी ब्रशने घासा, पुसा, आट्यांना थोडं ग्रीस लावा.

लग उघडल्यावर आत एकेक स्प्रिंग दिसेल. जुन्या ड्रमची जी किणकिण लोक ‘व्हिंटेज आवाज’ म्हणून सांगतात, ती कित्येकदा याच स्प्रिंगांची असते. प्रत्येकीभोवती कापसाचा छोटा बोळा ठेवला की ती गप्प होते. आवाज दाबणारा आतला डॅम्परही खुळखुळत असेल तर काढा, पण पिशवीत घालून जपून ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला तो हवा असतो. लगचे स्क्रू परत आवळताना पिळू नका. लग जस्ताच्या ओतकामाचे असतात, वाकत नाहीत, थेट चिरतात.

खर्च करायचाच तर पानं आणि तारांवर करा. वर साधं कोटेड एकपदरी पान. खाली ‘स्नेअर साइड’ लिहिलेलं अगदी पातळ पानच हवं. शाळेच्या ड्रमवर खाली वरचंच जाड पान चढवलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि मग ‘ड्रम मेलाय’ अशी तक्रार येते. वीस तारांचा नवा संच घ्या. खालचं पान समोरासमोरचे रॉड आळीपाळीने फिरवत चांगलं ताठ करा, तारा मधोमध बसवा, त्या बांधायची दोन्हीकडची दोरी सारखी ओढा आणि मगच वरचं पान सुरात आणा.

पुण्याला जरूर न्या. शेलला पावसाळ्याचं भय नाही, तारा आणि कड्यांना आहे. जुन्या पेटीतला फोम दमट हवेत चिकट होऊन ड्रमवर बसतो, तेव्हा ती पेटी इथेच टाकून साधी कापडी बॅग घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तारांचा एक जादा संच आणि खटक्याची दोरी मात्र इथूनच घेऊन जा.