आकडा मोठा, पण किती तासांचा?

(हॉस्पिटलच्या वॉर्डांत ३४ वर्षं काढून निवृत्त झालेल्या एक सिस्टर या सदरात वाचकांना उत्तरं देतात. या वेळी पगाराविषयी आलेली तीन पत्रं.)

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं आयसीयूत आहे. आठ तासांची ड्युटी, आठवड्याला एक ऑफ. आता दुसऱ्या राज्यातल्या एका हॉस्पिटलने सव्वापट पगार देऊ केलाय. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण डायलिसिसला आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त मिळतं. दुसरी परदेशात आहे, तिचा आकडा ऐकला की माझी झोप उडते. तुलना करावी तरी कुणाशी? – आयसीयूतली एक सिस्टर

उत्तर : सव्वापट म्हणालीस, पण तिथली ड्युटी किती तासांची ते काही लिहिलं नाहीस. तू विचारलंच नसशील. मीही विचारलं नव्हतं गं. नोकरीच्या चौथ्या वर्षी अशाच सव्वापट पगाराला भुलून मी जागा बदलली. जाऊन बघते तर बारा तासांच्या ड्युट्या, महिन्याला २६. जुन्या जागी ड्युट्या २६च होत्या, पण आठ तासांच्या, म्हणजे २०८ तास. नव्या जागी झाले ३१२. एका नाइटला वॉर्ड शांत झाल्यावर टीपीआर चार्टच्या (ताप-नाडी-श्वास नोंदायच्या कागदाच्या) मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशोब मांडला. पगार सव्वापट, तास दीडपट. तासाला मला आधीपेक्षा सहावा हिस्सा कमी मिळत होता! त्यात क्वार्टरचं भाडं पगारातून कापून घ्यायचे. नोकरी न सोडण्याचा बाँड दोन वर्षांचा, त्यामुळे हिशोब कळूनही काही करता येईना.

तेव्हा आधी भागाकार कर. महिन्याचा हातात पडणारा पगार, भागिले प्रत्यक्ष कामाचे तास. रोस्टरवरचे, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावरचे तास धरू नकोस. ओव्हर देता-घेता (पुढच्या ड्युटीवालीला पेशंटची माहिती सांगण्यात) रोज अर्धा तास जात असेल तर २६ ड्युट्यांचे १३ तास होतात, तेही धर. आणि पगारातला मूळ भाग किती, भत्ते किती हे वेगळं लिहून माग. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर ठरतात. बाकीचे भत्ते फुगवून आकडा मोठा दाखवता येतो, निवृत्तीला मात्र तो लहान ठरू शकतो.

आता प्रदेशाचं. एकाच देशात, एकाच परीक्षेवर नोंदणी झालेल्या परिचारिकांच्या पगारात किती फरक पडतो ते अमेरिकेत दिसतं. तिथल्या सरकारी आकडेवारीत मे २०२३ मध्ये रजिस्टर्ड नर्सचा सरासरी वार्षिक पगार कॅलिफोर्नियात १,३७,६९० डॉलर होता आणि साउथ डकोटात ६९,०३०. जवळजवळ निम्मा. कॅलिफोर्नियात घरभाडं अवाढव्य, हे एक कारण झालं. पण तिथे १९९९ साली कायदा झाला आणि २००४ पासून तो लागू आहे : एका परिचारिकेकडे किती पेशंट याला कमाल मर्यादा. आयसीयूत दोन, नेहमीच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. माणसं कमी करून वॉर्ड रेटायची सोयच उरली नाही. शिवाय तिथल्या परिचारिकांच्या संघटना मजबूत आहेत. आणि साउथ डकोटाचा जो परवाना इतर अनेक राज्यांत चालतो, तो कॅलिफोर्निया मानत नाही. तिथली वेगळी नोंदणी करावी लागते. जास्त पगाराच्या दाराला अशी आतून कडी असते. तू ज्या राज्यात जाणार तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कोण करून देणार, किती दिवस लागणार, तोवर पगार कुठल्या पदाचा, हे विचारून घे.

दुसऱ्या प्रकारचा फरक नुसता भाड्याचा असतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मध्य लंडनला पगारावर २० टक्के वर मिळतात (त्याला किमान-कमाल मर्यादा आहे), बाहेरच्या लंडनला १५ टक्के. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सेवेत घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० किंवा १० टक्के. मूळ वेतन मात्र सगळीकडे तेच. असा फरक घरमालकाकडे जातो, तुझ्याकडे फारसा थांबत नाही. तुला देऊ केलेली सव्वापट यातली कुठली, ते तिथल्या खोलीचं भाडं विचारलंस की कळेल.

परदेशातल्या मैत्रिणीचा आकडा रुपयांत करून झोप घालवू नकोस. तिथला कर, तिथलं भाडं तिथल्याच चलनात वजा कर आणि उरलेल्याचे रुपये कर. तिच्या आकड्यात नाइटचे पैसे धरलेत का तेही विचार. ब्रिटनच्या सरकारी सेवेत नाइटच्या तासांना ३० टक्के आणि रविवारच्या तासांना ६० टक्के वर मिळतात. चार रविवार आणि आठवडाभर नाइट केलेल्या महिन्याचा आकडा फोनवर सांगायला छान वाटतो.

डायलिसिसवालीला सहसा नाइट नसते. तिला जास्त मिळतंय आणि रात्री ती घरी झोपतेय, तर खरी तुलना तिच्याशी कर. तिच्या युनिटमध्ये जागा आहे का, हे तू अजून विचारलं नसशील असं मला वाटतं.

प्रश्न : मी कॅज्युअल्टीत ११ वर्षं ब्रदर म्हणून काम करतो. मागच्या महिन्यात लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जेमतेम थोडा कमी पगार आहे. त्याला सलाइन लावायला मीच शिकवतोय. अनुभवाला काही किंमत आहे की नाही? – एक ब्रदर

उत्तर : किंमत आहे, पण ज्या ठिकाणी ती कागदावर लिहिलेली आहे तिथेच. केंद्र सरकारच्या सेवेत सातव्या वेतन आयोगात नर्सिंग ऑफिसर सातव्या स्तरावर ४४,९०० रुपये मूळ वेतनाने लागतो आणि दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी एकेक पायरी चढतो. त्या शिडीला ४० पायऱ्या आहेत, शेवटची १,४२,४०० ची. बढती मिळो न मिळो, वर्षं मोजली जातात.

ब्रिटनची शिडी फार आखूड. इंग्लंडमध्ये २०२४-२५ साली नव्या परिचारिकेला, म्हणजे बँड पाचला (बँड म्हणजे पगाराची श्रेणी), वर्षाला २९,९७० पौंड, दोन वर्षांनी ३२,३२४ आणि चार वर्षांनी ३६,४८३. संपली शिडी. त्याच बँडमध्ये राहिलेल्या २५ वर्षांच्या अनुभवाच्या परिचारिकेला पाच वर्षांच्या अनुभवाच्या मुलीइतकाच मूळ पगार. वरचा बँड हवा तर वरची जागा हवी. तेव्हा हे दुखणं तुमच्या एकट्याच्या हॉस्पिटलचं नाही.

आपल्या खासगी हॉस्पिटलांत तर बहुधा शिडीच नसते. नव्या माणसाला बाजारभावाने घ्यावं लागतं, जुना कुठे जातोय असं धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांसाठी खाटांप्रमाणे शिफारस केली होती : २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकांइतका पगार, १०० च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही किमान २०,००० रुपये. ती शिफारस होती, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. पण तुमच्या हॉस्पिटलच्या खाटा मोजा आणि आपला पगार कुठे बसतो ते बघा. बोलायला निदान एक आधार हाती येतो.

बोलायला जाल तेव्हा '११ वर्षं झाली' असं सांगू नका. ते ऑफिसला माहीत असतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मी तीन वर्षं वॉर्डच्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळल्या, रोस्टर लावलं, रजेवरच्या इन्चार्ज सिस्टरच्या सह्या केल्या. पगार साध्या सिस्टरचा. किल्ल्या हातात, पद नाही. शेवटी एका जुन्या मेट्रनबाईंनी मला केलेल्या कामांची तारीखवार यादी करायला लावली आणि अर्जात एकच ओळ ठेवायला सांगितली : हे काम इन्चार्जचं आहे, तर मला इन्चार्ज करा किंवा हे काम काढून घ्या. दोन महिन्यांनी ऑर्डर आली. तुम्ही मुलांना शिकवताय, तर ते शिकवणं कुणाच्या पदाचं काम आहे ते शोधा आणि लेखी मागा.

मुलावर मात्र राग काढू नका. त्याने तुमचं काही घेतलेलं नाही.

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे कुठल्या शाखेत सर्वांत जास्त पगार? – एक वडील

उत्तर : वॉर्डाचं नाव बदलल्याने पगार फारसा बदलत नाही. केंद्राच्या सेवेत २०१७ साली भत्ते नव्याने ठरले तेव्हा सरसकट सगळ्या परिचारिकांचा नर्सिंग भत्ता महिना ७,२०० रुपये झाला आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) किंवा आयसीयूत काम करणाऱ्यांचा वेगळा भत्ता ५४० रुपये. एवढ्या कौशल्याचे ५४०. वाचून मला हसूच आलं होतं.

पगार उडी मारतो तो नोंदणी आणि अधिकार बदलले की. अमेरिकेत मे २०२३ ला रजिस्टर्ड नर्सचा मध्यम पगार (निम्म्या जणींना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला ८६,०७० डॉलर होता, पेशंट तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरचा १,२६,२६० आणि भूल देणाऱ्या नर्स ॲनेस्थेटिस्टचा २,१२,६५०. पण या शेवटच्या वाटेला आधी किमान एक वर्ष अतिदक्षता विभागात काम आणि मग डॉक्टरेटपर्यंतचं शिक्षण लागतं. शिवाय असं पद सगळ्या देशांत नसतं. खर्च आणि वर्षं दोन्ही त्या आकड्यातून वजा करा.

तुमच्या पत्रात मुलीला काय आवडतं ते कुठेच नाही. तासन्तास ओटीत उभं राहणं तिला जमतं का, की पेशंटशी बोलल्याशिवाय तिला करमत नाही? पुढचं पत्र तिला लिहू द्या.