मालवणी पाटी आणि आत पनीर टिक्का

प्रश्न : आईचं माहेर कुडाळचं, आता 75 वर्षांची आहे. मागच्या रविवारी तिला पुण्यातल्या एका 'अस्सल मालवणी' हॉटेलात नेलं. मेनूत चार पानं पंजाबी नि चायनीज, कोंबडी वडे म्हणून मैद्याच्या पुऱ्या आल्या, सोलकढी चक्क गोड. आई काही बोलली नाही, वाटी अर्धी ठेवली फक्त. खरं मालवणी हॉटेल ओळखायचं कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाचून खूप वाईट वाटलं हो. पनीर ठेवलं तर ठेवू देत, चार जणांत एकाला तेच हवं असतं, पण वडे म्हणून मैद्याची पुरी देणं ही सरळ फसवणूक आहे. वड्याचं पीठ मुळात तांदळाचं, त्यात उडीद नि चण्याची डाळ, धणे, मेथी, बडीशेप असं भाजून दळलेलं, म्हणून तर तो जाडसर लागतो आणि रश्श्यात बुडवला तरी लगेच लिबलिबीत होत नाही. सोलकढीचंही तेच, ती आगळाची करायची, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, नारळाचं दूध, लसूण, मिरची. सरबताचं गोड कोकम ओतलं की काम सोपं होतं पण ती सोलकढी राहत नाही. रंग पण बघा, फिका गुलाबी हवा, भडक राणी कलर दिसला तर मला तरी शंका येते.

आता ओळखायचं कसं, तर माझं मत थोडं वेगळं आहे, सुरमई फ्राय बघूच नका, ती सगळीकडे मिळते (आणि जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा 'आजची ताजी' म्हटलं तर कुठून आणली ते विचारा). तुम्ही व्हेजचं पान उघडा. तिथे काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळी, घावणे असं काही आहे का? की नुसतं 'व्हेज मालवणी' म्हणून फ्लॉवर-मटारची लाल ग्रेव्ही, जशी ती 'व्हेज कोल्हापुरी' सगळीकडे असते? काळे वाटाणे रात्री भिजत घालावे लागतात, खोबरं-कांदा भाजून वाटण करावं लागतं, तेवढी खटपट करणारा माणूस आत असेल तर बांगड्याच्या कढीत तिरफळंही (माशांच्या कढीत घालतात तो कोकणी मसाला) पडलेली असतात.

जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांबारं आहे का विचारा, आणि असेल तर वड्यांसोबत तेच आधी मागवा आईसाठी.