कुंडी बदलल्यावर ऑर्किडची पानं लुळी पडलीत, रोज पाणी घालूनही सुधारत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की फुलं गळून गेल्यावर पंधरा दिवसांपूर्वी ऑर्किड मोठ्या कुंडीत लावलं, आता पानं सुरकुतून काठावर लोंबतायत, रोज पाणी घालताय तरी फरक नाही आणि घर इंदूरलाच आहे. मी पण इंदूरचीच, सुदामा नगरात राहते, दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्येच माझं झाड अगदी याच अवस्थेत होतं आणि आज ते खिडकीत उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रोजचं पाणी थांबवा. आजच. पान लुळं दिसलं की आपला हात आपोआप मगाकडे जातो, मोगऱ्याला तुळशीला ते चालतं पण ऑर्किडला नाही. दुकानात मिळतं ते बहुतेक फॅलेनॉप्सिस असतं (जाड रुंद पानं, पतंगासारखी फुलं), मी तेच धरून लिहितेय. हे झाड मूळचं इंडोनेशिया-फिलिपाइन्सकडच्या दमट जंगलातलं, तिथे ते मातीत उगवतच नाही, झाडाच्या खोडाला धरून राहतं आणि मुळं हवेत मोकळी असतात. आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलात आंब्याच्या खोडावर रास्ना दिसते ना, ती पण आमरीच, म्हणजे ऑर्किडच, तिचंही तसंच. या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं, पाऊस आला की ते पाणी पिऊन हिरवं होतं, मग वाऱ्याने सुकून परत चंदेरी. सतत ओलं राहिलं तर ते आवरण कुजतं. आणि फॅलेनॉप्सिसला कांदा नाही, कंद नाही, पाणी साठवायची जागा म्हणजे फक्त पानं आणि मुळं. मुळं गेली की कुंडी कितीही ओली असू दे, झाड तहानलेलंच राहतं आणि पानातलं पाणी खर्च करतं. म्हणून पाणी कमी पडलं तरी पान लुळं आणि पाणी जास्त झालं तरी पान तसंच लुळं. पानाकडे बघून काही कळत नाही, मुळंच बघावी लागतात.

मी पण आठ दिवस नुसती पाणी घालत बसले होते. नर्सरीत सांगितलं की थोडी बागेची माती आणि कोकोपीट मिसळून लावा, मी लावलं. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर पेपर पसरून झाड बाहेर काढलं तर मुळांच्या मधोमध लिंबाएवढा मॉसचा (सुकवलेल्या शेवाळाचा) गोळा, विकत आणलं तेव्हापासूनचा, मी तो न काढताच वरून नवीन भर घातली होती. गच्च ओला, वास येत होता. त्याला लागलेलं एक मूळ दोन बोटात धरून हलकेच ओढलं तर वरचं तपकिरी आवरण सरकन बोटात निघून आलं, हातमोज्यातून बोट निघावं तसं, आणि मागे राहिला फक्त सुतळीसारखा दोरा. एकूण चौदा मुळांपैकी घट्ट अशी तीनच निघाली. खूप वाईट वाटलं, वहिनीने गृहप्रवेशाला दिलेलं झाड होतं ते.

तर तुम्ही आता हे करा. झाड अलगद बाहेर काढा, मुळं साध्या पाण्याने धुवा, मधला गोळा असेल तर बोटांनी उकलून पूर्ण काढा, घाई करू नका. मग एकेक मूळ दाबून बघा. घट्ट लागलं तर ठेवायचं, रंग पिवळट असला तरी, कारण अंधारात वाढलेली मुळं तशीच असतात. लिबलिबीत किंवा पोकळ असेल ते कापायचं. कात्री आधी स्पिरिटने पुसा नाहीतर गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करून घ्या. कापलेल्या टोकांना चिमूटभर दालचिनीची पूड लावली तर बुरशीचा धोका कमी होतो, पण चांगल्या मुळांवर भुरभुरू नका, दालचिनीने मूळ सुकतं. मग तासभर सावलीत तसंच उघडं ठेवा. फुलाची जुनी दांडी अजून हिरवी असेल तर तीही बुडापासून काढा, मला माहितेय जीवावर येतं, पण सध्या झाडाची सगळी ताकद मुळांकडे जायला हवी.

कुंडी मोठी घेतलीत तिथेही गडबड झालीये, मुळं थोडी आणि कुंडी मोठी म्हणजे आतला ओलावा संपतच नाही. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. मी अर्धा किलो दह्याचा पारदर्शक डबा घेतला होता, तापवलेल्या सळईने खाली आणि बाजूने भोकं पाडली, फायदा असा की आतली मुळं दिसतात. भरायला पाइनच्या सालीचे तुकडे, ते नाही मिळाले तर नारळाच्या सोडणाचे इंचभर तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याकडे असतो तोच. सोडणात क्षार असतात म्हणून दोन-तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. साल पण रात्रभर भिजवा, कोरडी नवी साल पाणी धरतच नाही, वरून घातलेलं सगळं खालून निघून जातं. माती अजिबात नको आणि कोकोपीटचा भुगाही नको. लावल्यावर झाड डुगडुगत असेल तर काडी खोचून सुतळीने सैलसर बांधा, हलत राहिलं तर नव्या मुळांची टोकं घासून मोडतात.

आता आपल्या इंदूरची खरी अडचण, हवा. एप्रिल-मे मध्ये दुपारी हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास येतो आणि या झाडाला 50 ते 70 टक्के लागतो. मुळं नसलेलं झाड अशा हवेत सुकणारच. त्यात हे झाड पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणजे रात्री डोक्यावर पंखा किंवा एसी असला तर नुकसान जास्त. माझ्याकडे तीनच मुळं होती म्हणून मी अख्खा डबा मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवला, तळाशी ओलं करून घट्ट पिळलेलं मूठभर मॉस, पिशवीचं तोंड सैल, रोज सकाळी दहा मिनिटं उघडायची. पण उन्हात चुकूनही ठेवू नका, पिशवीत झाड उकडून निघेल. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन हात आत, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही, अशी जागा बघा. तुमची सात-आठ मुळं चांगली निघाली तर पिशवीची गरज नाही, कूलर असलेल्या खोलीत झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं तरी पुरेल.

पाणी लगेच नको, दोन-तीन दिवसांनी. मग कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायची आणि पूर्ण निथळू द्यायची, खाली बशीत पाणी साचलेलं नको. पुढचं पाणी कधी ते मुळंच सांगतात, हिरवी दिसतायत तोवर थांबा, चंदेरी झाली की द्या. पिशवीत असेल तर फारच कमी लागतं. बोरिंगचं पाणी शक्यतो टाळा, क्षारांनी मुळांची टोकं करपतात. मी नर्मदेचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून वापरते आणि पावसाळ्यात छतावर टब ठेवून पावसाचं. बर्फाचे तुकडे ठेवा, साखरेचं पाणी द्या असं कोणी सांगेल, करू नका. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिशूची गुंडाळी करून टिपून घ्या, तिथे कुजलं की मग झाड वाचवणं अवघड. खत तर आत्ता नकोच, पिणारी मुळंच नाहीत, नवीन मूळ दोन इंच झालं की पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात सुरू करा.

आणि मग खरंच हात लावायचा नाही. परत परत उपटून बघायचा मोह होतो, मलाही व्हायचा. माझ्या झाडाचं सगळ्यात खालचं पान पिवळं पडून गळलं, दुसरं तसंच सुरकुतलेलं राहिलं, ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही, तुमचीही जुनी पानं कदाचित पूर्ववत होणार नाहीत, त्यावरून झाड गेलं असं समजू नका. साडेसात आठवड्यांनी, पहिला पाऊस पडून गेला होता, सकाळी पिशवी उघडली तर खालच्या पानाच्या बगलेतून मोहरीच्या दाण्याएवढं हिरवंगार टोक बाहेर आलेलं, चकचकीत. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. दिवाळीपर्यंत चार नवी मुळं आणि एक घट्ट पान आलं, आणि पुढच्या वर्षी हिवाळ्यात रात्री गार पडायला लागल्यावर दांडी निघाली, कारण काही आठवडे गारवा मिळाला की हे झाड दांडी काढतं आणि आपल्याकडे तो आपोआपच मिळतो.

एकच गोष्ट आधी तपासा, अगदी मधलं, सगळ्यात कोवळं पान. ते घट्ट आणि हिरवं असेल तर एकही मूळ उरलं नसलं तरी पिशवीत ठेवून प्रयत्न करा. ते काळं पडून हलक्या हाताने उपटून येत असेल तर मग वाचणं फार कठीण आहे, ते मी खोटं सांगणार नाही. आज संध्याकाळी ऊन उतरलं की काढून बघा आणि किती मुळं घट्ट निघाली ते मला नक्की सांगा.