बॅटरी तिसऱ्यांदा बदलण्याआधी एवढं मोजा

शिरपूरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याच्या एका डीलरकडून २०१४ ची डिझेल हॅचबॅक घेतली, गुजरात पासिंगची. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, नुसती कटकट. वर्षभरात दोन बॅटऱ्या झाल्या. बॅटरी चार्ज असतानाही सेल्फ जड फिरतो. हेडलाइट लावून इंडिकेटर दिला की मागचा टेललॅम्प त्याच्या तालावर उघडझाप करतो. एअरबॅगचा दिवा विझत नाही आणि हॉर्न मनात आलं तर वाजतो. एक वायरमन म्हणतो डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) बदला, दुसरा म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला.

भाऊ, तूर्त दोघांनाही थांबवा. तुम्ही सगळं एका दमात लिहिलंय म्हणून तो एकच मोठा आजार वाटतोय, पण त्यात किमान तीन वेगळे दोष आहेत. उभ्या गाडीत करंट कुठेतरी गळतोय, अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, खराब आहे (बहुधा दोन ठिकाणी) आणि एक दोष स्टिअरिंगमध्ये आहे. यातला एकही ईसीएम बदलून जाणार नाही. जुन्या गाडीच्या इलेक्ट्रिकल कामात महागडा भाग जाण्यापेक्षा जोड, थिंबल (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा), कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आणि आधीच्या मालकाने केलेले उद्योग जास्त नडतात. आपल्याकडे मात्र भाग बदलायची घाई असते, कारण मोजायला वेळ लागतो आणि मोजण्याचे पैसे कोणी देत नाही.

आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. चार-पाचशे रुपयांचा चालेल, १० अँपिअरचं सॉकेट मात्र हवं. बॅटरी चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा. पाच-दहा किलोमीटर फिरवून ती भरत नाही. चार्जर काढल्यावर काही तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.६ च्या आसपास आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण भरूनही ती दुसऱ्या दिवशी, टर्मिनल काढलेलं असताना, १२.२ वर आली तर बॅटरीच गेलेली आहे, पुढचं मोजून उपयोग नाही. तुमची तशी नसावी, पण वारंवार पार रिकामी झाल्याने नवी बॅटरीही सहा महिन्यांत म्हातारी होते. दुसरी बॅटरी तशीच गेली असणार.

आता गळती. तुमच्याच माहितीवरून हिशोब मांडू. बॅटरी साधारण ६० एएचची (अँपिअर-तास) धरू. ती निम्मी रिकामी झाली की डिझेल इंजिन उठवणं तिला जमत नाही, म्हणजे ३० एएच गेले. तीन दिवसांचे ७२ तास. ३० भागिले ७२ केलं की सुमारे ०.४ अँपिअर येतात. पाच वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर बरोबर एवढाच करंट खातो. म्हणून मीटर लावायच्या आधी डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा बघा. झाकण लावल्यावर दिवा विझला की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून मोबाइल व्हिडिओवर लावून आत ठेवा आणि झाकण बंद करा. फुकटात उलगडा झाला तर उत्तमच.

नाही झाला तर मीटर. निगेटिव्ह टर्मिनल काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल पिन त्याच्या सॉकेटमध्ये घाला आणि काढलेली केबल व बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर जोडा. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. बॉनेट उघडं असणारच. ज्या दारातून आत वाकणार आहात त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने आधीच 'बंद' करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, दोन-तीन अँपिअरसुद्धा. घाबरू नका. सगळी कंट्रोल युनिट झोपायला अर्धा तास लागू शकतो, काही गाड्यांना त्याहून जास्त. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर गाडी ठीक. तुमच्याकडे ३००-४०० दिसतील असा माझा अंदाज.

इथे बहुतेक जण एकेक फ्यूज उपटत बसतात. त्याने झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडा पुन्हा उडी मारतो. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवा. त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके दिसतात, त्यांवर मीटरच्या पिना टेकवा आणि मिलिव्होल्ट बघा. ज्या फ्यूजमधून करंट वाहत नाही तिथे शून्य येतं. जिथे एखादा मिलिव्होल्टही दिसला, त्या वाटेवर चोर आहे. एकाही फ्यूजवर काही दिसलं नाही तर डायनामोवर संशय घ्या. आतला डायोड फुटला तर करंट उलटा गळतो, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डायनामो सकाळी हाताला कोमट लागतो.

गुजरात पासिंग, डीलरकडची गाडी आणि ०.४ अँपिअर एवढ्यावरून मी पैज लावीन ती म्युझिक सिस्टिमवर. अँप्लिफायरची चालू-बंदची वायर चावीच्या सप्लायला न जोडता थेट सप्लायला जोडून ठेवलेली असते, त्यामुळे अँप्लिफायर चोवीस तास जागा. दुसरा संशयित म्हणजे फायनान्सवाल्यांनी लावलेला जीपीएस ट्रॅकर. कर्ज फिटतं, गाडी विकली जाते, पण ट्रॅकर डॅशबोर्डखाली टेपात गुंडाळलेला तसाच राहतो. धड असला तर फार खात नाही, बिघडलेला मात्र सतत सिग्नल शोधत बसतो. डॅशखाली हात घालून कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) नसलेल्या रंगीत वायरी शोधा. रिव्हर्स कॅमेरा, फॉगलॅम्प, सेंट्रल लॉक, सायरन असं जे जे बाहेरून बसवलंय त्याचे फ्यूज काढून ठेवा आणि गाडी तीन दिवस उभी करा. मग सेल्फ घेतला तर चोर त्यांतलाच.

हेडलाइटचे बल्बही बघून घ्या. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे असतात. आपल्याकडे हायवेवर दिसत नाही म्हणून १००/९० चे टाकायची हौस असते. ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठच्या वर. वेगळा रिले (जास्त करंट पेलणारा स्विच) न लावता मूळ वायरिंगवर टाकले असतील तर बल्बमागचं कपलर पिवळं पडून वितळलेलं दिसेल.

सेल्फ जड का फिरतो ते अर्थिंगवर मोजून कळेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (थिंबलवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. भुसावळच्या एका गॅरेजात अशाच तक्रारीची गाडी आली होती. सेल्फ बदलून झाला होता, बॅटरी नवीकोरी. पिना टेकवून सेल्फ मारला तर मीटरने १.४ दाखवले. म्हणजे बॅटरी देत होती त्यातले जवळपास दीड व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी बाहेरून चांगली होती, बोल्टही कडक. पण बोल्ट खोलल्यावर खाली गुळगुळीत, चकचकीत रंग निघाला. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, पेंटरने ती जागा रंगवली आणि फिटरने पट्टी रंगावरच आवळून दिली. मिस्त्रीने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून पांढरा पत्रा काढला, थिंबल घासलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर ०.१. मालक जुना सेल्फ परत मागायला निघाला, पण तो भंगारात गेला होता.

पॉझिटिव्हच्या जाड केबलचंही असंच मोजा: बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. सेल्फ फिरताना खुद्द बॅटरीचं व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल तर मात्र बॅटरी किंवा सेल्फ.

इंडिकेटरबरोबर टेललॅम्प उघडझाप करतो म्हणजे मागच्या दिव्यांची अर्थिंग तुटलीय. करंटला परतायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून बॉडीला जायला बघतो. डिकीचं अस्तर काढा, बहुतेक काळी वायर पत्र्याला बोल्टने लावलेली दिसेल, तिथे गंज असणार. दहा मिनिटांचं काम. कोणी यासाठी पूर्ण टेललॅम्प बदलायला सांगितला तर गॅरेज बदला.

डायनामोचा निकाल एका मोजणीत लागतो. इंजिन चालू, हेडलाइट-एसी-ब्लोअर सगळं चालू, थोडं रेस, आणि बॅटरीवर व्होल्टेज. १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर डायनामोला दोष देऊ नका. कमी असेल तर आधी बेल्ट, मग डायनामोतले कार्बन आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा भाग). १५ च्या वर जात असेल तर कटआउट गेलाय आणि तो बॅटरी उकळून मारतोय. आणि कृपा करून चालू गाडीचं टर्मिनल काढून 'गाडी बंद पडली तर डायनामो गेला' ही परीक्षा घेऊ देऊ नका. जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या जमान्यात ती खपून जायची. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं, आणि मग तुमच्या दुसऱ्या वायरमनचं भाकीत खरं होतं, ईसीएम खरोखर जातो.

एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न ही जोडी बहुतेक वेळा स्टिअरिंगखालच्या स्पायरल केबलची असते. दोन्हींच्या वायरी त्याच गुंडाळीतून जातात. स्टिअरिंग वळवताना हॉर्न मध्येच वाजतो, मध्येच जातो का ते बघा. हे काम घरी करू नका. पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही, एअरबॅग उडू शकते. जाणता माणूस बॅटरी काढून काही मिनिटं थांबतो आणि मगच स्टिअरिंगला हात लावतो. बाकी, तुमचा दिवा निदान लागतोय. पुष्कळ गाड्यांत विकणारा तो बल्बच काढून टाकतो किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा नुसती चावी ऑन करा: एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. तो इंजिन चालू झाल्यावर नेमका बॅटरीच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर काहीतरी शिजलंय.

आपल्या हवेचं थोडं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. बॅटरी मरते ती या उन्हात, प्लेटा गंजून आणि पाणी उडून. कळतं मात्र डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी, आणि दोष थंडीला लागतो. काळी इन्सुलेशन टेपही याच उन्हात चिकट होऊन सुटते, म्हणून बॉनेटखालचा जोड सोल्डर करून वर हीट श्रिंकची (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवायची. शेतात किंवा कापसाच्या गोदामाशेजारी गाडी लावत असाल तर उंदीर हे पहिलं कारण समजा. थंडीत ते इंजिनच्या उबेला येतात. इंजिनाच्या खोबणीत लेंड्या किंवा सरकी दिसली तर हार्नेस हाताने चाचपून बघा, कुरतडलेली वायर बहुधा खालच्या बाजूला असते.

आणखी एक तक्रार उन्हाळ्यात हमखास येते: गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. तिथे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) बघा. बंद पडल्यावर स्कॅनर लावून सेल्फ मारा, आरपीएम शून्य दाखवत असेल तर तोच.

तुमच्या गाडीत मला खरी धास्ती आहे ती गुजरात पासिंगची. पासिंगमध्ये वाईट काही नाही, सुरत-धुळे रस्त्याने चांगल्या गाड्याही येतात. पण ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात होत्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या जातातच. आपल्याकडच्या सांगली-कोल्हापूर, चिपळूणच्या पुरांनंतरही तेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेषा दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, स्पेअर व्हीलची खाच तपासा. मग ड्रायव्हरच्या पायाजवळचं एखादं कपलर उघडा. पिनांवर हिरवट भुकटी असेल तर वर लिहिलेले दोष एकेक दुरुस्त करत बसू नका, दर पावसाळ्यात नवा निघेल. अशा वेळी डीलरशी बोलणं हाच उपाय.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड दाखवतो, एअरबॅगचे बहुतेक दाखवत नाही. त्यात पी०५६२ दिसला तर तो कमी व्होल्टेजचा कोड आहे. तो बघून ईसीएम बदलायचा नसतो.

अर्ध्या तासानंतरचा गळतीचा आकडा आणि सेल्फ मारताना खांब ते इंजिन व्होल्टेज, हे दोन इथे टाका. कपलरचा फोटोही. मग पुढचं बघू.