वास तुमचा की बाटलीचा?

प्रश्न : ताई, माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला जिवलग मैत्रिणीनं परफ्यूम दिला. म्हणाली, "दुकानात वास घेतला आणि वाटलं, अरे, ही तर तूच!" लावल्यावर सुरुवातीला बरा वाटला, पण तासाभरात गोडगोड, पावडर फासलेल्या तान्ह्या बाळासारखा वास यायला लागला. मी अशी आहे? दिवसभर चाळीस माणसांच्या टीमवर ओरडणारी बाई मी! खरं सांगते, वाईट वाटलं. मग 'परफ्यूमवरून ओळखा स्वभाव' अशी एक चाचणी दिली. तिच्यात मी 'लाकडी सुगंधाची, नेतृत्वगुण असलेली' निघाले. खरं कोणाचं, मैत्रिणीचं की चाचणीचं?

उत्तर : चाचणीचं तर मुळीच नाही. फुलांचे वास आवडणारे हळवे आणि लाकडाचे आवडणारे खंबीर, हे राशिभविष्यच आहे, फक्त राशींच्या जागी बाटल्या मांडल्यात. मी बावीस वर्षं सुगंध तयार करणाऱ्या कंपनीत वास घेण्याचीच नोकरी केली. तिथे हिशेब बघणारी एक बाई होती. दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायची. पण निशिगंधाचा असा दणदणीत परफ्यूम लावायची, की लिफ्टमधून ती कधी वर गेली हे मागून येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, "मी बोलत नाही ना, मग कुणीतरी बोलायला नको?" बसवा आता तिला कुठल्या चाचणीत बसवायचं ते.

मैत्रिणीची चूक वेगळी आहे आणि ती सगळेच करतात. तिनं वास घेतला कागदाच्या पट्टीवर, तोही पहिल्या पाच मिनिटांत. कागदाला ना ऊब असते, ना घाम, ना तेल. परफ्यूममधले हलके रेणू, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या सालीसारखे वास, आधी उडतात. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा खेळ खलास. मग फुलं वर येतात. चंदन, कस्तुरी, व्हॅनिला हे जड गडी तळाशी बसून असतात आणि रात्रीपर्यंत हलत नाहीत. मैत्रिणीनं सुरुवात पाहून खरेदी केली, शेवट तुमच्या वाट्याला आला.

त्यात दोघींची नाकं वेगळी. माणसाच्या नाकात वासाचे रेणू पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात आणि त्यांची जनुकं माणसागणिक थोडी थोडी बदलतात. अँड्रोस्टेनोन नावाचा एकच रेणू कुणाला घामट, मुतासारखा येतो, कुणाला गोडसर आणि कुणाला येतच नाही. त्यामागचं एक जनुक २००७ मध्ये सापडलं. माझंच बघा. एक विशिष्ट कृत्रिम कस्तुरी मला अजिबात येत नाही. मी पट्टी हुंगून "कोरी आहे ही" म्हणायचे, तेव्हा शेजारची नाकाला रुमाल लावून बसलेली असायची. सुरुवातीला वाटलं, माझी फिरकी घेतायत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. परफ्यूममध्ये माणूस दिसतो, पण तो स्वभावाच्या नाही, शरीराच्या वाटेनं. २००१ मध्ये मिलिन्स्की आणि वेडेकिंड या दोन शास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळे सुगंध हुंगायला दिले आणि दोन गोष्टी विचारल्या : हा वास स्वतःच्या अंगाला आवडेल का, आणि जोडीदाराच्या अंगाला आवडेल का? स्वतःसाठीची आवड त्या त्या माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांशी जुळताना दिसली. जोडीदारासाठीच्या आवडीत तसा मेळ जवळजवळ नव्हता. पुढे २०१२ मध्ये प्रागमधल्या संशोधकांनी माणसांच्या काखेतला वास तपासला, एकदा त्यांनी स्वतः निवडलेल्या परफ्यूमसह आणि एकदा संशोधकांनी दिलेल्या परफ्यूमसह. नुसते हुंगले तर दोन्ही परफ्यूम सारखेच चांगले होते. अंगाच्या वासात मिसळल्यावर मात्र स्वतःचा निवडलेला सरस ठरला. प्रयोग लहान होते, पण माझ्या अनुभवाशी जुळतात. दुसऱ्यासाठी परफ्यूम निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या पायात घालायची चप्पल आपल्या पायावर मापून आणणं.

म्हणून मैत्रिणीवर रुसू नका. शिवाय तुम्ही टीमवर ओरडता तेव्हा ती तिथे बघायला नसते.

स्वतःसाठी शोधायचा असेल तर एका दिवशी एकच. मनगटाच्या आतल्या बाजूला एक फवारा, मग चोळायचं नाही आणि मत बनवायचं नाही. तासाभरानं हुंगा, झोपताना हुंगा, सकाळी उठल्यावर बाहीला हुंगा. सकाळचा तो मंद, शिळा वास आवडला तर तो तुमचा.

आणि खरा स्वभाव कशात दिसतो सांगू? फवाऱ्यांच्या संख्येत. नाक सततच्या वासाला सरावतं आणि तो दाखवणंच बंद करतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वाळ्याचा परफ्यूम लावायचे, रुबाब दिसावा म्हणून. स्वतःला येईनासा झाला तसे दोनाचे सहा फवारे झाले. एका मीटिंगमध्ये साहेब उठले, एक शब्द न बोलता माझ्यामागची खिडकी उघडली आणि परत बसले.

प्रश्न : मी १९ वर्षांचा मुलगा आहे. मला चमेलीचा वास फार आवडतो, पण मित्र 'बायकी' म्हणून हसतात.

उत्तर : हसू दे. १९६६ मध्ये आलेला 'ओ सोव्हाज' हा परफ्यूम पुरुषांचा म्हणून गाजला. त्याच्या ताजेपणामागे हेडिओन आहे, म्हणजे चमेलीच्या वासाच्या अभ्यासातून हाती आलेलं द्रव्य. मित्रांपैकी कुणीतरी या ना त्या बाटलीतून तेच अंगावर मारत असणार. उलट ज्याला 'मर्दानी' म्हणतात त्या सुगंधकुळाचं नाव आहे फुजेर, म्हणजे नेचा. १८८२ च्या 'फुजेर रॉयाल' या परफ्यूमवरून ते पडलं. नेच्याला वास जवळजवळ नसतोच! ज्यानं तो परफ्यूम बनवला त्यानं कुमारिन हे वाळल्या गवतासारख्या वासाचं द्रव्य वापरून मनातला नेचा रचला. लेबलं माणसं चिकटवतात रे. तू लाव.

प्रश्न : वीस वर्षं एकच परफ्यूम वापरते. आता तो 'मी' वाटत नाही. माझं वय ५८. मी बदलले का?

उत्तर : आधी बाटलीवर संशय घ्या. कंपन्या गाजावाजा न करता मिश्रण बदलतात, आणि कधीकधी त्यांना बदलावंच लागतं. ओकमॉसवर, म्हणजे ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलावर, ॲलर्जीमुळे मर्यादा आल्या. लिलियल हे फुलांच्या वासाचं द्रव्य युरोपीय संघानं मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांतून बादच केलं. बाटली खिडकीत किंवा बाथरूममध्ये ठेवत असाल तर उजेड आणि ऊब यांनीही वास बिघडतो, वरचा लिंबूवर्गी भाग सगळ्यात आधी.

जुन्या बाटलीत चार थेंब उरले असतील तर एका मनगटावर जुना आणि दुसऱ्यावर नवा लावा. कोणता कुठे ते न सांगता घरातल्या कुणाला तरी हुंगायला द्या. त्यांनाही फरक जाणवला तर दोष बाटलीचा. त्यांना दोन्ही एकसारखे आणि छान वाटले, तुम्हाला मात्र दोन्ही फिके, तर वयानं किंवा एखाद्या सर्दी-तापानं नाक मंदावलेलं असू शकतं. साबणाचा, उदबत्तीचा वासही कमी येतोय का तेवढं बघा, आणि कमी येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.