अ‍ॅक्रिलिकवरून जेलकडे: सगळं एका बैठकीत काढू नका

ताई, तुमचा प्रश्न असा की नखं लांब करायला पावडर आणि लिक्विडने लावतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या वासाने तुम्ही आणि पार्लरमधल्या मुली हैराण झालात, क्लायंटची नखं पातळ पडताहेत, म्हणून सगळ्यांना जेलवर, म्हणजे यूव्ही/एलईडी लॅम्पखाली कडक होणाऱ्या लेपावर, आणायचंय, पण एकही क्लायंट तुटायला नको. क्लायंट टिकतील. फक्त एका दिवसात सगळं अ‍ॅक्रिलिक काढून जेल लावायला बसू नका. नखाची सगळ्यात जास्त नासाडी लावताना होत नाही, काढताना होते.

त्याआधी आपलं लिक्विड तपासा. त्यातला मोनोमर, म्हणजे पावडरीत मिसळल्यावर कडक होणारं रसायन, मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो, ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) आणि एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट). एमएमए म्हणजे दातांच्या कवळ्या बनवायला वापरतात तो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-प्रसाधन नियामक संस्थेने १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेली नखांची उत्पादनं बाजारातून काढायला लावली होती. पण तो स्वस्त पडतो, त्यामुळे नाव-गाव नसलेल्या बाटल्यांतून अजूनही विकला जातो. ओळखायला अवघड नाही: वास नेहमीपेक्षा उग्र, सुकल्यावर फाइल लागता लागत नाही, आणि अ‍ॅसिटोनमध्ये बराच वेळ ठेवूनही नख मऊ पडत नाही. असलं नख दारात अडकलं तर ते तुटत नाही, खालचं खरं नख उचकटून येतं. तुमच्याकडे हा निघाला तर जेलचं नंतर बघू, बाटली आजच बंद करा. ईएमएचं काम मात्र नीट हाताने केलेलं असेल तर वाईट नसतं. ज्या क्लायंटला काही त्रास नाही आणि लांबलचक नखंच हवीत, तिला अ‍ॅक्रिलिकवरच राहू द्या.

बाकीच्यांना रिफिलला, म्हणजे नख वाढून मोकळी झालेली जागा भरायला, येतील तेव्हा बदला. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला ४ ते ६ महिने जातात. दर दोन-तीन आठवड्यांच्या रिफिलला सुटलेला भाग तेवढा काढा, घट्ट बसलेलं अ‍ॅक्रिलिक फाइलने पातळ करा, खऱ्या नखापर्यंत जाऊ नका, आणि वरून बिल्डर जेल (लांबी आणि मजबुती देणारं घट्ट जेल) घ्या. नवी वाढ जेलखाली येत जाते, जुनं अ‍ॅक्रिलिक टोकाकडे सरकत कापलं जातं. क्लायंटची लांबी जात नाही, तिला उघडी पातळ नखं बघावी लागत नाहीत. नखाखाली हिरवट डाग, पू किंवा दुखणं असेल तर मात्र वरून काहीही लावू नका. सगळं काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. ड्रिल मशीन चालवणाऱ्या मुलीवरही लक्ष ठेवा. क्युटिकलजवळ (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ) नखावर लाल पट्टा दिसला की समजा, मशीनचा बिट खोल गेला.

एक घोळ नक्की होणार. क्लायंट ‘जेल’ म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात जेल पॉलिश असतं. पॉलिशने लांबी टिकत नाही, अ‍ॅक्रिलिकच्या जागी बिल्डर जेल किंवा हार्ड जेल लागतं. हार्ड जेल अ‍ॅसिटोनने निघत नाही, फाइल करूनच काढावं लागतं, हे तिला आधी सांगा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. ‘जेल केमिकल-फ्री आहे’ असं कुणालाही सांगू नका. जेलसुद्धा अ‍ॅक्रिलेटच आहे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्याच जातीचं रसायन. ते कच्चं राहिलं किंवा कातडीला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होते, आणि ती बहुतेक वेळा जन्मभर राहते. पुढे दातांच्या फिलिंगचा किंवा सांधे बदलताना वापरतात त्या हाडांच्या सिमेंटचाही त्रास होऊ शकतो. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१२ साली अ‍ॅक्रिलेटला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं होतं. नखांभोवती खाज, बोटांच्या टोकांना भेगा, कधी तर पापण्यांवर पुरळ, अशी ती दिसते. क्लायंटपेक्षा आपल्या मुलींना धोका जास्त, कारण त्या दिवसभर हाताळतात. म्हणून क्युटिकलला जेल लागलं तर लॅम्पमध्ये हात जाण्याआधीच पुसायचं. वरचा चिकट थर पुसलेलं कापड बोटांवर फिरवायचं नाही. नायट्राइल ग्लोव्ह्ज वापरा आणि वारंवार बदला, पातळ ग्लोव्हमधून अ‍ॅक्रिलेट काही मिनिटांत आत शिरतं. फाइलच्या धुळीला एन९५ मास्क चालतो, वाफेला नाही. तिथे खिडकी आणि एक्झॉस्टच लागतो.

लॅम्पवर पैसे वाचवू नका. जेल ज्या कंपनीचं, तिने सांगितलेलाच लॅम्प आणि तेवढाच वेळ. वरून कडक लागलं म्हणजे आतून पिकलं असं नाही. अंगठा आडवा पडतो, तो लॅम्पखाली वेगळा धरून क्युअर (कडक) करा. आपल्याकडे लाइट जातात तेव्हा बॅटरीवरच्या छोट्या लॅम्पवर पूर्ण सेट उरकण्याचा मोह होतो. त्यापेक्षा अपॉइंटमेंट पुढे ढकला. थर पातळ घ्या, जाड थराने नख भाजल्यासारखं होतं आणि क्लायंट हात बाहेर ओढते, मग जेल कच्चंच राहतं.

हळदीची तक्रार येईलच. फिकट रंगाच्या जेलवर पिवळा डाग बसतो. थोडा वेळ उन्हात हात धरला की बराच उतरतो, स्वयंपाकाला ग्लोव्ह्ज घातले तर पडतच नाही. लग्नसराईत नवरीला हळदीच्या आधी फिकट न्यूड शेड देऊ नका.

सुरुवात अशा दोन-तीन जुन्या क्लायंटपासून करा ज्यांची नखं आधीच सुटताहेत आणि ज्या वेळेवर रिफिलला येतात. पहिल्या बदलाला अ‍ॅक्रिलिक रिफिलचाच दर लावा. वेळ जास्त जाईल, त्या दिवशी मागोमाग दुसरी अपॉइंटमेंट ठेवू नका.