रात्रीची कळसूबाई आणि देणगीचा हिशोब

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यातले बावीस जण. सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुली थंडीतही गार पाण्याने आंघोळ करतात. त्यांना सोलर बसवून देण्यासाठी आम्ही जूनमध्ये पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी रात्री कळसूबाई चढायचं ठरवलंय. माणशी १,५०० रुपये घेणार. बस १४,०००, टी-शर्ट ६,६००, जेवण-नाश्ता ४,४००, वाटाड्याचे २,०००. उरेल ते शाळेला. निम्म्या लोकांनी पांडवलेण्यांपलीकडे काही चढलेलं नाही. काय काळजी घ्यावी?
स. प., पाथर्डी फाटा

उत्तर : डोंगराचं नंतर बघू, आधी बेरीज. बँकेत कॅशियर होते, सवय जात नाही. जमा ३३,०००, खर्च २७,०००, शाळेला ६,०००. म्हणजे शाळेपेक्षा टी-शर्टवाल्याला ६०० रुपये जास्त! याला सहल म्हणा. सहलीत वाईट काही नाही, पण शाळेचं नाव पुढे करून ती काढू नका.

टी-शर्ट रद्द करा. उरलेले २०,४०० बावीस जणांत वाटले तर माणशी साडेनऊशेच्या आत येतात. ते ज्याचे त्याने खिशातून भरावेत. मग प्रत्येकाने ओळखीची दहा माणसं गाठायची. मेहुणा, सोसायटीचे चेअरमन, ज्याच्या लग्नात तुम्ही भरघोस आहेर केला तो मित्र. ‘मी रात्रीतून कळसूबाई चढतोय, तू शाळेला २०० रुपये दे,’ एवढंच सांगायचं. सगळ्यांनी दिले तर ४४,००० होतात आणि त्यातला रुपयाही बसच्या डिझेलला जात नाही. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून ‘ट्रेलवॉकर’ सुरू झाली, तिचा पाया हाच : १०० किलोमीटर, ४८ तास, चौघांचा संघ, आणि संघामागे देणगीदार. चौघांनी एकत्र चालायचं, ही त्यातली गोष्ट तुम्हीही उचला. बावीस जणांवर रात्री कुणाचंच लक्ष राहत नाही, चौघांत एक मागे पडला की लगेच कळतं.

पैसे कुणा एकाच्या फोनवर गोळा करू नका. शाळा चालवणाऱ्या संस्थेचाच क्यूआर कोड फिरवा, पावती संस्थेचीच द्या. पावतीपुस्तक छापून दारोदार फिरणार असाल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची ‘४१ क’ची परवानगी लागते. दोन हजारांच्या वर रोख देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत (‘८०जी’) मिळत नाही, हेही आधीच सांगून टाका. नाहीतर मार्चमध्ये तुमचा फोन वाजत राहील.

आता तारीख. जून नको म्हणजे नको. मेअखेरीपासून भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी लोटते आणि शनिवारी रात्री घोटीच्या पुढे गाड्यांच्या रांगा लागतात. ते एक वेळ सोसता येईल. पण वळवाच्या विजा कडाडत असताना आणि वरच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या असताना नवख्यांना घेऊन जाणं हा अडाणीपणा आहे. पाऊस नीट लागला की धुक्यात पुढच्याची पाठही दिसत नाही. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ धरा. शिखर अभयारण्यात येतं, म्हणून तारीख पक्की करण्याआधी वनखात्याकडे विचारणा करा. (कळसूबाई अकोले तालुक्यातली, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातली. आपण नाशिककर तिला आपलीच म्हणतो तो भाग वेगळा.)

पौर्णिमेचाही हट्ट नको. पहाटे अडीचला निघायचं असेल तर वद्य पंचमीचा चंद्रसुद्धा चांगला वर आलेला असतो. शुद्ध अष्टमीचा मात्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, ती तिथी टाळा.

अडीचच का? पायथ्याच्या बारी गावाहून निघून नवख्या मंडळींना तीन-चार तास लागतात, आणि डिसेंबरात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. उत्साहाच्या भरात बाराला निघालात तर चारला वर पोचाल आणि उघड्या माथ्यावर तीन तास कुडकुडत बसाल. शिखर १,६४६ मीटर, आपलं शहर साधारण सहाशे मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश पारा उतरतो, शिवाय वर वारा. चढताना घामाने भिजलेला शर्ट वर पोचल्यावर बदलता यावा म्हणून एक कोरडा शर्ट आणि कानटोपी प्रत्येकाच्या पिशवीत हवीच. आदल्या रात्री आठपर्यंत बारीत पोचा, गावातल्या घरी पिठलं-भाकरी जेवा, दोनपर्यंत झोपा. गावाला चार पैसे मिळतील आणि वाटाड्याही तिथलाच घ्या.

मोबाइलच्या उजेडात चढायचं नाही. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून प्रत्येकाला हेडटॉर्च आणि जादा सेल. शिडीच्या एका टप्प्यावर एका वेळी एकच माणूस. पहाटे वर जाणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे उतरताना घाई करू नका. शेकोटी, फटाके, आकाशकंदील काही नको; हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, ठिणगी पुरते. कचरा खाली आणा. कळसूबाईची गोष्ट माहीत असेल : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती कामाला राहिली, आणि तेच करायला लावलं तेव्हा डोंगरावर निघून गेली. अशा बाईच्या दारात कागदी कप टाकून येणाऱ्यांना काय म्हणावं!

सगळ्यात मोठा धोका मला डोंगरावर दिसत नाही, परतीच्या रस्त्यावर दिसतो. ड्रायव्हरला ‘चला की भाऊ, तुम्हीही वर’ असं म्हणू नका. त्याने बारीत झोपायचं. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हाती मुंबई-आग्रा महामार्गावर बावीस जीव द्यायचे नाहीत.

प्रश्न : याच चढाईत मलाही जायचंय. वय ५८, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. गुडघे बरे आहेत. पोरं म्हणतात, काका तुम्ही घरी बसा.
वि. ज., सिडको

उत्तर : घरी बसा म्हणणारे डॉक्टर नाहीत, आणि मीही नाही. तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा : रात्री जागून चार तास चढ चढायचाय, इन्सुलिन आणि जेवणाचं काय करू? साखर एकदम उतरली तर घाम येतो, हात थरथरतात; अंधारात, चढावर हे थकव्यासारखंच वाटतं आणि तिथेच फसगत होते. ग्लुकोज किंवा साधी साखर खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. तुमच्या चौघांना मधुमेहाचं सांगून ठेवा. लाजू नका. त्याआधी एका पहाटे जवळचा रामशेज किल्ला करून बघा. तो चढून-उतरून दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामाला गेलात तर पोरांना काय सांगायचं ते तुम्हाला कळेल. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी रात्रभर चालणाऱ्या तुमच्या वयाच्या बायका मी दरवर्षी बघते. पण तिथे वाटेवर माणसांची रीघ असते, जागोजागी चहा मिळतो. बारीच्या वाटेवर रात्री तो आधार धरू नका.

प्रश्न : ताई, लोकांनी ‘शिखर गाठलंत तर पैसे’ असं म्हटलं आणि आम्ही अर्ध्यातून परतलो तर?
स. प. (पुन्हा)

उत्तर : असं म्हणणाऱ्याचे पैसे घेऊच नका. मी सहज म्हणत नाहीये. चव्वेचाळीस हजार माथ्यावर ठेवलेत असं एकदा डोक्यात बसलं की पाय मुरगळलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो, धुक्यात पुढारी ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणतो. आवाहनात पहिल्या ओळीतच लिहा : देणगी शाळेला आहे, आम्ही कुठवर पोचतो यावर ती अवलंबून नाही. शक्यतो निघायच्या आधीच पैसे शाळेच्या खात्यात जमा होऊ द्या. मग पहिल्या शिडीखालून परतलात तरी कुणाचं देणं लागत नाही.

परत फिरायचं कधी, तेही बारीतच ठरवा, आणि कोण ठरवणार तेही. माझ्या मते वाटाड्याने. तुमच्या सुपरवायझरने नव्हे.